ओंजळभर ग्रीस

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी उगाच आदर वाटायला नको. एका फोर-बाय-फोर ट्रकच्या पुढच्या चाकाचा नवाकोरा हब मी पुरणपोळीवर तूप वाढावं तसा ग्रीसनं भरला. ओंजळ भरून. बोटानं दाबदाबून भरला, कडेनं बाहेर आलं ते पुन्हा आत सारलं. वर झाकण लावलं, फडक्यानं चमकवलं आणि ट्रकच्या मालकाला म्हणाले, "न्या शेठ, आता या चाकाकडं पाहायचंही काम नाही."

दुसऱ्याच दिवशी तो ट्रक चिखलात रुतला. रुतला तोही कुठं, तर माझ्या माहेरी, रिठदला, माझ्या वहिनीच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा मी काही अल्लड पोरगी नव्हते. चाळिशी उलटली होती, मोठ्या लेकीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. चाळिशीत माणसाला अक्कल येते म्हणतात. माझी बहुतेक मालेगावच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी असावी.

केनवडला आमच्या यांचं गाड्यांच्या पार्टचं दुकान. दुकानापुढच्या टिनाच्या शेडमध्ये रहीमउस्तादांचं गॅरेज. मी आधी काउंटरवर बसायचे. कोणता पार्ट कोणत्या गाडीचा हे मला तोंडपाठ, आणि तोंडपाठ असलं की ते लोकांना ऐकवायची खोडही तेवढीच. उस्ताद एकदा वैतागून म्हणाले, "बहुत बोलती है, तो पाना पकड." मी पकडला. त्यानंतर सोडलाच नाही. गावातल्या बायका सुरुवातीला मुद्दाम गॅरेजवरून पाण्याला जायच्या, मला गाडीखाली झोपलेलं पाहायला. मी खालूनच पायांवरून ओळखून त्यांना नावानं हाका मारायचे. मग येणं बंद झालं.

आता हब म्हणजे काय ते सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावा.

साध्या ट्रकला मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती वळतात. फोर-बाय-फोर गाडीत चारही चाकं जोर लावू शकतात. पण डांबरी रस्त्यावर त्याची गरज नसते, उगाच डिझेल जातं आणि लोखंड झिजतं. म्हणून जुन्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध, हातानं फिरवायची, वाटीएवढी चकती असते. ती 'फ्री'वर असली की चाक आपलं आपलं फिरतं, आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत आणणारा आतला दांडा, म्हणजे एक्सल, स्वस्थ बसतो. चकती 'लॉक'वर फिरवली की आत एक दातेरी कडी सरकते आणि चाक व दांडा एकमेकांत अडकतात. मग केबिनमधली दांडी टाकली की पुढची चाकंही ओढू लागतात. या सगळ्या डब्याला म्हणायचं हब. तो दोन्ही बाजूंचा लॉक व्हावा लागतो. एक अडकला आणि दुसरा मोकळा राहिला तर सगळा जोर मोकळ्या बाजूनं पळून जातो. जुवाखालून एका बैलानं मान काढून घेतली की बंडी हालत नाही, तसंच.

ती कडी सरकायला आत जागा लागते. घट्ट ग्रीस भरलं की बाहेरची चकती फिरते, 'लॉक' दिसतं, पण आत कडी चिखलात फसल्यासारखी जागच्या जागी. उस्तादांनी मला हे सांगितलं नव्हतं असं नाही. "ग्रीस दवा है बेटी, खाना नहीं," हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलं होतं, की मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. शिवाय आमच्या सासूबाईंची शिकवण वेगळी. पाहुण्याच्या पानात तूप वाढायचं तर रोडगा बुडाला पाहिजे, हात आखडला की घराण्याचं नाक कापलं. पंगतीत तूप वाढायला मी कायम पुढं. तोच हात मी गाडीला लावला. बाईमाणसाच्या हातचं काम आहे, कमी पडलं असं कोणी म्हणू नये, एवढीच धडपड होती. कमी पडलंही नाही.

ट्रक होता शांतीलालशेठचा. शेठ रिसोडचे, जैन, चार पिढ्यांची दुकानदारी. त्यांनी लिलावातून हा जुना ट्रक उचलला आणि त्याच्या पाठीवर हळद शिजवायचा कुकर बसवला. म्हणजे खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, आणि तिची वाफ नळीतून दोन मोठ्या पिंपांत. ओली हळद पिंपात टाकायची, वाफेवर शिजवायची, मग उन्हात वाळवायची. आमच्या भागात हळद झाली की हा ट्रक वावरोवावरी फिरायचा. गंमत अशी, की शेठ स्वतः ओली हळद खात नसत. जमिनीखालचं कंद त्यांना वर्ज्य, वाळलेली चालायची. मी चिडवायचे, "शेठ, अर्ध्या तालुक्याची हळद शिजवता अन् ओलीची चव माहीत नाही!" ते म्हणायचे, "चव माहीत नाही म्हणूनच धंदा होते, बाई. हलवाई कुठं पेढे खाते?"

त्यांच्या ड्रायव्हरनं डाव्या बाजूची चकती जाम झाली म्हणून पक्कड लावून पिळली आणि तिचं बोटात धरायचं कानपट तोडलं. ही लोकांची जुनी खोड. हातानं फिरवायची वस्तू हातानं फिरली नाही, की आत काय अडलंय ते न पाहता पक्कड. शेठनं नवा हब मागवला आणि ट्रक घेऊन आमच्याकडं आले. उस्ताद नेमके भाचीच्या लग्नाला अकोल्याला. आमचे हे काउंटरवरून म्हणाले, "थांबा शेठ, उस्ताद परवा येतेत."

"परवा कसं जमन? उद्या रिठदले वावरात जायचं हाय."

"मी लावतो ना," मी म्हटलं.

हे माझ्याकडं बघत राहिले. "तू कायले आंगावर घेतं वं?"

"आंगावर नाही, चाकावर घेतो," असं म्हणून मी पान्यांचा डबा उचलला. बोलण्यात मी कधीच कमी पडले नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

आणि काम मी झकास केलं. ग्रीस सोडून. झाकणाचे स्क्रू एकेक न काढता समोरासमोरचे थोडेथोडे सैल केले, म्हणजे झाकण वाकत नाही. दांड्याच्या टोकाला खाचेत बसवलेली पोलादी कडी असते, सर्कलिप म्हणतात तिला. ती काढली, जुना हब ओढून काढला, आतली घाण डिझेलनं धुतली, बेअरिंग तपासली, नवा हब दात्यात दाते घालून बसवला, सर्कलिप खाचेत गेली का ते दोनदा पाहिलं. मग ती ओंजळ. मग झाकण.

शेवटी परीक्षा. चाक जॅकवर उचललेलंच होतं. चकती 'फ्री'वर केली, चाक फिरवलं. भिरभिर फिरलं. 'लॉक'वर केली, चाक फिरवलं. तेही भिरभिर फिरलं. आता जरा तरी डोकं असलेल्या माणसाला इथं शंका यावी, की लॉक केल्यावर आतला दांडा सोबत फिरवावा लागतो, मग चाक जड का नाही लागलं? मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, वा! काय लोण्यासारखं काम केलंय! मी ड्रायव्हरला बोलावून दाखवलं, "पाह्य, लॉकमधीबी कसं मक्खन चालते!" तोही म्हणाला, "एक नंबर, काकू." एका शहाण्याला दुसरा भेटला.

त्या संध्याकाळी अवकाळी झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठचा फोन. "इंदूबाई, गाडी पांदणीत फसली. पुढचे चाकं ओढूनच नाही राह्यले."

"कोणाच्या वावरात चालले होते?"

"तुमच्याच भावाच्या."

मी फोन ठेवला आणि यांना मोटारसायकल काढायला लावली. रिठदच्या वेशीपाशी हे म्हणाले, "चाकावर घेतलं होतं न?"

माझ्या वहिनीबद्दल सांगायला हवं. शेवंता तिचं नाव. घरातलं सगळं वावर तीच पाहायची. भाऊ माझा गरीब गाय, तिच्या मागं मान हलवणारा. आमच्या दोघींचं वाकडं असं नव्हतं, पण सरळही नव्हतं. मी माहेरी गेले की लेक म्हणून पाटावर बसायचे, ती चुलीपाशी असायची, आणि मी आईच्या हातची चव आठवून तिच्या भाजीत मीठ कमी की जास्त ते सांगायचे. आज विचार करते, तर त्या बाईनं मला लाटण्यानं मारलं कसं नाही याचं नवल वाटतं.

ट्रक पांदणीत मधोमध उभा होता. पांदण म्हणजे आमच्याकडं दोन वावरांच्या मधून जाणारी मातीची वाट. काळी माती, पावसानं तिचा लोण्याचा गोळा झालेला. मागची चाकं निम्मी आत. ट्रकच्या पुढं, नजरेच्या टप्प्यात, वहिनीची हळद. खणून झालेली, ताडपत्रीखाली ढीग लावलेली. पण पावसाचं पाणी खालून शिरलं होतं. ओल्या ढिगाला आतून ऊब सुटते आणि मग तो सडायला लागतो. त्यात वाट ही एकच, आणि ती माझ्याच कामानं बुजलेली. दुसरा कुकर आणायचा तरी आणणार कुठून? मजुरांनी घमेल्यानं वाहून रस्त्यावर काढायची तर चिखलात पाऊल ठरत नव्हतं.

वहिनीनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि माझ्या गालाला लावला. हात गरम होता.

"कळलं?" ती म्हणाली. "मिरगाच्या आधीपासून या वावरात राबून राह्यलो आमी. आज नाही शिजली त उद्या उकिरड्यावर टाका लागन."

मला कळलं. पण लगेच शहाणं झाले तर ती मी कसली? आधी मी ड्रायव्हरला झापलं, की चकती नीट फिरवली नसशील. मग हब विकणाऱ्या दुकानदाराला नाव ठेवलं. मग म्हटलं, "हा चिखलच असा हाय, याच्यात कोणतीबी गाडी फसन."

वहिनी म्हणाली, "चिखल तं चिखलच असते बाई. म्हणूनच चार चाकाची गाडी बोलावली न?"

शेठ एका बाजूला उभे होते. चिखलातून वाट काढणाऱ्या मुंगळ्यांच्या रांगेवर कोणाचा पाय पडू नये म्हणून मजुरांना हातानं बाजूला करत होते. तो शांतपणा मला जास्त टोचला.

मी पदर खोचला आणि बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पालथी पडून ट्रकच्या पुढच्या भागाखाली पाहिलं. इंजिन चालू असलेल्या गाडीला दुरूनच पाहायचं असतं, जवळ जायचं नसतं. ड्रायव्हरला म्हटलं, "दोन्ही बाजू लॉकमधी हायेत न? टाक दांडी. हळूच सोड."

मागच्या चाकांनी चिखल उडवला. पुढचं उजवं चाक उभं. डावं चाकही उभं. आणि डाव्या चाकाच्या आत, जिथं माझा नवा हब होता, तिथं दांडा एकटाच गरगर फिरत होता. चाकाला त्याचा पत्ताच नाही.

त्याच क्षणी मला कालचं ते मक्खन आठवलं. मी उठले, चिखल झटकला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, माही चूक हाय. म्या ग्रीस जास्त भरलं."

मला वाटलं आता सुरू होईल. ती म्हणाली, "मंग? चूक सांगून गाडी हालते का? काय पाह्यजे ते सांगा."

"फळी पाह्यजे, जॅक खाली जाते. बादलीभर पाणी, जुनं लुगडं, अन् पोळ्याची परात."

परात कशाला हे तिनं विचारलं नाही. घरी जाऊन घेऊन आली.

गॅरेजमधलं काम आणि वावरातलं काम यात फरक मातीचा. हब उघडला आणि त्यात मातीचा एक खडा गेला तर बेअरिंगचा सत्यानाश. म्हणून आधी अख्खं चाक धुतलं, लुगड्यानं कोरडं केलं, बंडीची जुनी फळी घालून त्यावर जॅक लावला आणि चाक उचललं. झाकण काढून स्क्रूसकट परातीत ठेवलं. आत ग्रीसचा गोळा, माझ्या बोटांच्या ठशांसकट. वहिनीनं तो पाहिला. "लेकीच्या लग्नात असंच तूप वाढजा," ती म्हणाली. त्यावर शेठ पहिल्यांदा हसले.

सर्कलिपची भीती होती. ती स्प्रिंगसारखी उडते. गॅरेजात उडाली तर झाडून सापडते, काळ्या चिखलात उडाली तर कायमची गेली, आणि तिच्याशिवाय दांडा जागेवर राहत नाही. मी वहिनीला म्हटलं, "समोर बसा अन् पदर पसरा." ती ओटी घ्यायला बसावं तशी बसली. मी चिमट्यानं कडी ताणली, ती सुटली आणि थेट तिच्या पदरात. वहिनीनं मूठ मिटली ती मी परत मागेपर्यंत उघडली नाही.

मग सगळं ग्रीस खरवडून काढलं, डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं. दातेरी कडी बोटानं सरकवून पाहिली. टक. परत मागं, परत पुढं. टक, टक. एवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बोटाला लागलेलं राहिलं होतं, तेवढंच ग्रीस तिच्या कडेनं फिरवलं. झाकणाखालची कागदी पॅकिंग उघडताना फाटली होती. यांनी खिशातून कोणाच्या तरी लग्नाची जाड पत्रिका काढली. ती झाकणावर धरून हातोडीनं हलके ठोकली, की कडेचा आकार आपोआप कापला जातो. वधूवरांना आशीर्वाद देऊन ती बसवली. आता परीक्षा. 'फ्री': चाक मोकळं, दांडा गप्प. 'लॉक': चाक जड, आणि दांडा सोबत फिरतोय. या वेळी मी कोणालाही बोलावून दाखवलं नाही.

चाकांखाली तुरीच्या वाळक्या तुराट्या टाकल्या. ड्रायव्हरनं दांडी टाकली. पुढची दोन्ही चाकं एकदम तुराट्यांत चावली, ट्रक थरथरला, आणि म्हैस डबक्यातून उठावी तसा उठून चालायला लागला. थेट ढिगाजवळ जाऊन थांबला.

त्यानंतर माझ्या हातून कितीतरी हब गेले. किन्हीराजाच्या एका हौशी माणसानं तर आपल्या साध्या, मागचीच चाकं ढकलणाऱ्या गाडीलाही त्या चकत्या मागितल्या, दिसायला छान दिसतात म्हणून. मी म्हटलं, घरातल्या दोन स्टीलच्या वाट्या चिटकव. त्यानं खरंच चिटकवल्या, आणि बायकोनं एक काढून घेतली. आता नव्या गाड्यांना बटण आलं, ते दाबलं की चाकं आतल्या आत जोडली जातात. माणसाला चिखलात उतरावंच लागत नाही. चांगलंच आहे. पण चकती हातानं फिरवताना आत काय चाललंय ते बोटांना कळायचं, ते कळणं आता संपत आलं. उस्तादही गेले. हब भरायला बसले की आजही त्यांचं ते औषधाचं वाक्य मी आधी मोठ्यानं म्हणते, आणि शेडमधली नवी माणसं एकमेकांकडं बघतात.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्या ढिगाच्या तळाची हळद गेली होती. काळी पडली, मऊ झाली, वहिनीनं ती निवडून बाजूला काढली. मी ट्रक आदल्या दिवशी नीट तपासला असता तर दुपार वाया गेली नसती, आणि त्यातली बरीच वाचली असती. तिनं ती मला कधी दाखवली नाही. मीच पाहिली.

पण त्या दिवशी बाकीची वाचली. भट्टी पेटली, पिंपातून वाफ सुटली, आणि सगळ्या वावरावर शिजत्या हळदीचा तो मातकट, कडवट, उबदार वास पसरला. दिवस मावळायच्या आत शेठना जेवावं लागे, म्हणून वहिनीनं त्यांच्यासाठी आधीच वेगळं, त्यांना चालणारं वरण-पोळीचं ताट आणून ठेवलं होतं. ते पळसाखाली बसून जेवत होते. मजूर घमेली रिकामी करत होते. मी धुऱ्यावर पाय पसरून बसले होते, कोपरापर्यंत काळी, कपाळावर चिखल, आणि खरं सांगायचं तर कोणीतरी दोन बरे शब्द बोलावेत म्हणून वाट पाहत. चूक माझी, पण निस्तरली पण मीच ना!

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडं आली. समोर उभी राहिली. मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. आणि म्हणाली,

"बाई, लग्न होऊन मी या घरी आलो तवापासून तुमाले इथं काम करतानी आज पयल्यांदा पाह्यलं. आता उठा, हात धुवा अन् चला माह्यासंग. येवढ्या मान्सायच्या पोळ्या एकटीनं लाटनं होत नाही."